टेलरसमोर जोडीदार दबतो?

जॅझ पियानोवादक सेसिल टेलरबरोबर वाजवणारा नुसता त्याच्या मागे धावतो, असं म्हटलं जातं; मला ते पटत नाही. टेलरच्या १९८८च्या बर्लिन मुक्कामातली पाच ड्रमरांबरोबरची जुगलबंदीची रेकॉर्डिंग्ज एफएमपी या जर्मन रेकॉर्ड कंपनीने काढली: हान बेनिंक, टोनी ऑक्सली, लुईस मोहोलो, पॉल लोव्हेन्स आणि ग्युंटर झोमर. त्यातली ऑक्सलीची नीट ऐका. त्याचा भर झांजा, धातूचे आवाज आणि बारक्या, चढ्या ड्रमवर, त्यामुळे पियानोचा खालचा भाग मोकळा राहतो आणि टेलरच्या डाव्या हाताचे स्वरगुच्छ सुटे ऐकू येतात. तिथे बास ड्रम घुमत राहिला असता, तर सगळा गाळ झाला असता.

खरा पुरावा मात्र त्याच मुक्कामातल्या, गिटारवादक डेरेक बेलीबरोबरच्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. पहिल्या भागात बेलीकडे अकूस्टिक गिटार, म्हणजे आवाज अगदी लहान. टेलर इथे पट्ट्या सोडून पियानोच्या आतल्या तारा छेडतो, तोंडाने आवाज काढतो. इतका संयम त्याच्यात होता, हे फार कमी लोक सांगतात! ड्रमर मॅक्स रोचबरोबरची टेलरची १९७९ची मैफल ऐकताना सुरुवातीचे दोघांचे एकल तुकडे मात्र गाळू नका. पुढे कोण कुणाकडे सरकला ते त्यावरूनच कळतं.