मदत हवी आहे: फ्लोराइडच्या प्रश्नावलीचं कोलामी भाषांतर

यवतमाळ जिल्ह्यातल्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर (वस्त्यांवर) पाण्यातलं फ्लोराइड आणि सांधेदुखी यांचा संबंध तपासतोय (एमडी, प्रबंधाचं काम). पाण्याचं अडत नाही. हातपंपांचे नमुने आयन इलेक्ट्रोडवर तपासून झालेत. मर्यादा आयएस १०५०० (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) चीच धरली आहे, १ मिग्रॅ प्रतिलिटर, दुसरा स्रोत नसेल तर १.५.

अडतंय ते प्रश्नावलीत. मराठीत ‘सांधे दुखतात’ आणि ‘सांधे आखडतात’ हे वेगळे प्रश्न आहेत, आणि अस्थी-फ्लोरोसिसमध्ये (जास्त फ्लोराइडमुळे होणारा हाडांचा आजार) आखडणंच जास्त महत्त्वाचं. गावातल्या आशा आरोग्यसेविकेकडून कोलामीत करून घेतलं, दुसऱ्या व्यक्तीकडून उलट मराठीत आणलं, तर दोन्हीकडे ‘दुखतात’च आलं! चित्रं दाखवून पाहिलं. म्हाताऱ्या बायका हसल्या फक्त. खाली बसायला, मान वळवायला सांगतोच, पण उत्तरही हवंय. गोंडी भाषांतर सुचवू नका, इथे चालत नाही. लिहून देणंही उपयोगाचं नाही, बहुतेकींना वाचता येत नाही. नैतिकता समितीची मंजुरी फक्त मराठी मसुद्याला आहे.

कोलामी बोलणाऱ्या किंवा आश्रमशाळेत शिकवणाऱ्या कुणी सांगाल का: सकाळी उठल्यावर गुडघा वाकत नाही, हे घरात कसं म्हणतात? आणि तोंडी विचारायच्या कोलामी मसुद्यासाठी समितीकडे पुन्हा जावं लागतं का?