मदत हवी आहे : पाच जोडप्यांसाठी पेशवाईतली प्रणयसंध्या कशी आखावी?

प्रश्न : सोनचाफा

एप्रिलमधल्या एका शनिवारी पाच जोडप्यांसाठी पेशवाईच्या वातावरणातली संध्याकाळ करायची आहे. सगळे पस्तीस ते पन्नास वयाचे, एकमेकांचे जुने मित्र. जागा म्हणजे पुण्याजवळचा बंगला, वीस बाय पंधरा फुटांचा हॉल आणि प्रत्येक जोडप्याला स्वतंत्र खोली. सहा ते साडेनऊ एकत्र, त्यानंतर ज्याची त्याची खोली. एकत्र भागात शृंगार डोळ्यांतला आणि बोलण्यातला असावा, त्यापुढचं खाजगी.

अडचणी अशा : (१) कथासूत्र कोणतं घ्यावं? लग्नसोहळा किंवा बाजीराव-मस्तानी असं दोघींनी सुचवलं आहे. (२) फॅन्सी ड्रेस होऊन तासाभरात सगळे मोबाइल काढून बसतील अशी भीती वाटते. (३) दोघांना गुडघ्यांचा त्रास आहे. (४) एका जोडप्याने कधीच अभिनय केलेला नाही. बजेट पंचवीस हजारांच्या आत.

बोरू

आधी कथासूत्र, कारण बाकी सगळं त्यावरच उभं राहतं.

लग्नसोहळा नकोच. त्या काळातल्या नवऱ्या आठ-नऊ वर्षांच्या असत. सवाई माधवरावांच्या लग्नाचा थाट कितीही वाचनीय असला तरी ती मुलांची लग्नं होती, प्रौढांच्या प्रणयाशी त्यांचा संबंध लावू नये. भूमिका स्पष्टपणे प्रौढ ठेवा : संसाराला दहा-पंधरा वर्षं झालेली, एकमेकांना नीट ओळखणारी माणसं. बटीक-कुणबीण आणि मालक हेही सूत्र टाळा. त्या बायका विकत घेतल्या जात आणि त्यांना नकाराचा हक्क नव्हता. बाजीराव-मस्तानीची अडचण वेगळी आहे. शेवट सगळ्यांना पाठ असतो, त्यामुळे लोक भूमिका जगण्याऐवजी प्रसंगांची नक्कल करू लागतात.

मराठी फौजेचं वर्ष दसऱ्याला सुरू होई. सीमोल्लंघन करून मोहीम निघे आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परते. म्हणजे सहा-सात महिने विरह, मग भेट. पेशवाईतल्या शृंगाराचा गाभा हाच आहे आणि लावण्यांतल्या विरहिणीही तिथूनच येतात. वर्ष 1795 धरा. 11 मार्चला खर्ड्याला निजामाविरुद्ध लढाई झाली, मराठे जिंकले आणि फौजा पुण्याकडे परतल्या. तुमची संध्याकाळ त्याच वैशाखातली, शके 1717. या मोहिमेत शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन अशी जवळपास सगळी घराणी एकत्र होती, त्यामुळे पाच जोडप्यांना पाच वेगळ्या पार्श्वभूमी सहज देता येतात. नावं मात्र काल्पनिक ठेवा. भूमिका साधारण अशा : स्वतःचं घोडं असलेला शिलेदार, सरकारी घोड्यावरचा बारगीर, फडावरचा म्हणजे सरकारी कचेरीतला कारकून, निजामाच्या दरबारातून परतलेला वकील म्हणजे दूत आणि मोहिमेला कर्ज देणारा सावकार. बायकांच्या भूमिका नुसत्या वाट पाहणाऱ्या नसाव्यात. शिलेदाराच्या मागे वाडा आणि जमीन सांभाळणारी, सावकाराच्या वह्या त्याच्यापेक्षा चोख वाचणारी, अशा लिहा.

अभिनय न येणाऱ्यांना कारकून आणि त्याची बायको करा. कारकून कमी बोलतो, ऐकतो आणि टिपून ठेवतो. तेवढंही पुरतं.

फॅन्सी ड्रेस होतो तो माणसांना करायला काम नसल्यामुळे. प्रत्येकाला एका चिठ्ठीवर तीनच गोष्टी द्या : मी कोण, मला जोडीदाराकडून आज काय हवं आहे, आणि मी त्याच्यापासून काय लपवलं आहे. 'मोहिमेत जखम झाली ती कळवली नाही', 'तन्मणी गहाण ठेवून शेत सोडवलं'. अशा गुपितावर दोन तास आरामात जातात. चिठ्ठ्या आठ दिवस आधी पोचवा आणि जोडीदाराला दाखवू नका म्हणून बजावा.

केवडा

बोरू यांच्या विरहाच्या सूत्राला पूर्ण दुजोरा. आता कपडे आणि वास.

पुरुषांना अंगरखा, शेला, पगडी. नाटकांना कपडेपट भाड्याने देणाऱ्यांकडे सगळं मिळतं, पण पगडीसाठी डोक्याचा घेर फीत लावून मोजून कळवा. सैल पगडी दर पाच मिनिटांनी सावरावी लागते आणि सगळा रुबाब त्यातच जातो. सैल आलीच तर आत सुती कापडाची पट्टी घाला. अंगरख्याला बटणं नसतात, बंद असतात. ते खोलीत गेल्यावर जोडीदाराने सोडायचे, म्हणून सुरगाठच मारा.

बायकांना नऊवारी. शिवलेली नऊवारी सोयीची, पण नेसवणारी कोणी असेल तर नेसूनच पाहा, चालण्यात फरक पडतो. पिना दोन-तीनच आणि त्या कुठे लावल्या हे लक्षात ठेवा, नंतर टोचतात. चोळी पुढे गाठीची. कान-नाक टोचलेलं नसेल तर दाबाची नथ आणि दाबाच्या बुगड्या मिळतात. दाबाची नथ तासाभराने दुखायला लागते, त्यामुळे जेवणाआधी काढली तरी चालेल. नथ जोडीदाराने उतरवणं हा तसाही सुंदर प्रसंग आहे. तो घाईत उरकू नका.

अत्तर एप्रिलमध्ये वाळ्याचं किंवा मोगऱ्याचं. हीना उन्हाळ्यात उग्र वाटतो. एका माणसाला एक थेंब पुरे : मनगटावर, किंवा कापसाचा फाया करून कानाच्या वरच्या घडीत. रेशमावर आणि जरीवर थेट लावू नका, तेलकट डाग जात नाही. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पुरळ येत नाही ना, ते सगळ्यांनी पाहावं. दहा माणसांनी दहा अत्तरं लावली तर बंद हॉलमध्ये डोकं उठतं. सगळ्यांसाठी मिळून दोनच वास ठरवा.

सोनचाफा

खूप आभार. खर्ड्याचं सूत्र सगळ्यांना आवडलं. हॉलमध्ये नुसत्या समया लावायचा विचार आहे, वीस तरी. चालेल ना?

तेलवात

वीस नकोत. बंद हॉलमध्ये एप्रिलच्या उकाड्यात वीस समयांची धग आणि काजळी सहन होणार नाही. पंखा लावला की वाती फडफडतात, बंद ठेवला की माणसं घामाघूम. चार समया कोपऱ्यांत, प्रत्येकी दोनच वाती, तिळाचं तेल. बाकी उजेडासाठी पिवळे मंद दिवे कागदी किंवा कापडी आडोशामागे लपवा. समई रेती घातलेल्या परातीत ठेवा आणि पदर, शेला, पडदे यांपासून तीन फूट लांब. मलमलीचा अंगरखा झपकन पेट घेतो, त्यामुळे समईवरून हात नेऊन काही उचलायची वेळच येऊ नये अशी मांडणी करा. दाराशी भरलेली बादली आणि जाड सुती चादर हवीच. धुराचा अलार्म असेल तर बंगलेवाल्यांना आधी विचारा.

गुडघ्यांसाठी बैठक दोन थरांची करा. मधे गाद्या, लोड, तक्के, आणि कडेला पंधरा-सोळा इंच उंचीचे दिवाण, त्यांवर तशाच चादरी. गुडघे दुखणाऱ्यांना मानाच्या भूमिका देऊन दिवाणावर बसवलं तर त्यांना वेगळं काढल्यासारखं वाटत नाही.

सारीपाट

साडेसहा ते आठ या वेळेत खेळ हवा, नाहीतर बोलणं सुकतं. गंजिफा मोहात पाडतो, सावंतवाडीच्या गोल पत्त्यांसारखं देखणं काही नाही. पण दशावतारी गंजिफात 120 पाने असतात आणि नियम शिकवता शिकवता संध्याकाळ सरेल. सोंगट्या घ्या. कापडी पट, चार रंगांच्या सोळा सोंगट्या, सहा कवड्या. चारही सोंगट्या फिरवायच्या म्हटल्या तर दीड-दोन तास जातात, म्हणून रंगाला दोनच ठेवा. पटावर रंग चारच असल्यामुळे एकावेळी चार जोडपी खेळतील आणि पाचवं पंच होईल. पंचांना दुसऱ्या डावात आत घ्या.

सोंगटी मारली गेली की पैज. पैजा आधी लिहून डब्यात ठेवा : केसांत गजरा माळणे, उखाण्यात नाव घेणे, मोहिमेतलं एक पत्र मोठ्याने वाचणे. पैज नेहमी स्वतःच्याच जोडीदाराशी. हा नियम सुरुवातीलाच सांगा.

पत्रांची तयारी जोडप्यांनी घरी करावी. वर 'श्री', मग मुक्काम, मजकूर आणि शेवटी 'बहुत काय लिहिणे, लोभ असो दीजे, हे विनंती'. मोडी येत नसेल तर देवनागरी चालेल, जाड खरखरीत हातकागद मात्र हवा. बोलतानाही नाव न घेता बोला : 'इकडून येणं केव्हा झालं?', 'स्वारीला आमची आठवण होती म्हणायची!' असं आडून बोलणंच या खेळात सगळ्यात रंगतं.

संगीतात पेटी नको, ती नंतरची. सारंगी, ढोलकी, तुणतुणं हळू आवाजात. बैठकीची लावणी ऐकवायची असेल तर रामजोशी, होनाजी बाळा, प्रभाकर यांच्या रचना निवडा, ते सगळे त्याच काळातले.

मर्यादा

एकमेकांच्या होकारावर अजून कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. आठवडाभर आधी प्रत्येकाने, जोडीदारापासून वेगळं बसून, कागदावर तीन रकाने भरावेत : चालेल, नको, आधी विचारा. स्पर्श, चुंबन, मोठा आवाज, रागावण्याचा अभिनय, डोळे बांधणे, सगळं त्यात घाला. मग जोडप्याने कागद एकमेकांना दाखवावेत. जिथे दोघांचं 'चालेल' जुळतं तेवढंच करायचं.

थांबायचा शब्द पेशवाईत न बसणारा हवा. 'थांबा' किंवा 'नको' हे भूमिकेत लाडानेही म्हटलं जातं, त्यामुळे गोंधळ होतो. 'स्टेशन' घ्या. तो उच्चारला की भूमिका तिथेच संपते, कारण विचारायचं नाही. गुपितांच्या चिठ्ठ्यांत खऱ्या संसारातलं दुखणं घालू नका : मूल, पैसा, जुनं प्रेम. खर्ड्याची काल्पनिक जखम पुष्कळ आहे. मोबाइल सहा वाजता टोपलीत. फोटो हवे असतील तर सुरुवातीची दहा मिनिटं, सगळ्यांच्या होकाराने. दारू ठेवू नका. दोन पेग झाल्यावर दिलेला होकार धरता येत नाही.

केवडा

जेवणाचं राहिलं. पुरणपोळी, मसालेभात, श्रीखंड असं ताट मांडलंत तर नऊला सगळे पेंगतील आणि तुमची खरी संध्याकाळ तिथेच आटपेल. आठ वाजता हलकं पान : साधं वरण-भात आणि तूप, भरलं वांगं, अळूची भाजी, काकडीची कोशिंबीर, मठ्ठा, माणशी एक चिरोटा. बटाटा, टोमॅटो, साबुदाणा, चहा ठेवू नका, ते त्या पानात शोभत नाहीत. त्या काळी बायका पुरुषांच्या पंगतीनंतर जेवत. ते इथे मुद्दाम मोडा आणि जोडीने बसवा.

खोलीत न्यायला केशरदूध : दोन लिटर दूध आटवून दीड लिटर, शंभर ग्रॅम साखर, चाळीस ग्रॅम बदामाची पूड, दोन चमचे कोमट दुधात अर्धा तास भिजवलेल्या पंचवीस केशरकाड्या. दहा पेले होतात. गार करूनच द्या.

विडे शेवटी, माणशी एक. दोन नागवेलीची पानं, देठ आणि जाड शीर काढून. चुना मुगाच्या दाण्याएवढा, नीट पसरून पुसून घ्या. जास्त झाला की तोंड भाजतं. वर कात, वेलदोडा, जायपत्री, किसलेलं खोबरं, भाजलेली बडीशेप, आणि लवंगेने टोचून त्रिकोण. सुपारी आणि तंबाखू नको, पूजेचा कापूर तर मुळीच नको, तो विषारी असतो. भरवण्याआधी लवंग काढायला सांगा. विडे साडेसातच्या आत करू नका, पानं काळी पडतात. तयार झाले की ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि सव्वानऊला प्रत्येक जोडप्याच्या हाती तबक द्या. निरोपाची खूण तीच असू दे, म्हणजे 'आता चला' असं कुणाला म्हणावं लागत नाही.