गांधीलमाशीचे डोळे धूसर का येतात

तुम्ही टाकलेला कढीपत्त्यावरच्या गांधीलमाशीचा फोटो छान आहे, पण फोकस पंखांच्या मुळाशी बसलाय आणि डोळे हुकलेत. त्यावर तुम्हाला एफ २२ (लेन्सच्या छिद्राचा आकडा; आकडा मोठा तितकं छिद्र लहान आणि फोकसची खोली जास्त) वापरायचा सल्ला मिळालाय, तो मला पटत नाही. १:१ मॅग्निफिकेशनला, म्हणजे माशी सेन्सरवर जिवंत आकाराएवढीच उमटते तेव्हा, छिद्र साधारण दोन स्टॉप (एका स्टॉपला प्रकाश निम्मा) लहान असल्यासारखं वागतं, म्हणजे एफ २२ चं एफ ४४ होतं. मग डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) सगळंच मऊ दिसतं, अंगावरची लव पुसली जाते. एफ ११ च्या पुढे जाऊ नका. तिथे फोकसमध्ये जेमतेम एक मिलिमीटर खोली मिळते, म्हणून माशी बाजूने टिपा, सेन्सर तिच्या अंगाला समांतर ठेवून.

ऑटोफोकस बंद. लेन्स १:१ वर ठेवा आणि कॅमेराच अगदी सावकाश पुढेमागे हलवा. डोळ्यावरची जाळी स्पष्ट दिसली की क्लिक. शटर १/२०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २००, फ्लॅश मॅन्युअलवर पूर्ण पॉवरच्या १/१६ पासून सुरू करा. इतक्या कमी पॉवरला फ्लॅशचा लखलखाट फार अल्पकाळाचा असतो, त्यामुळे हात हलला तरी चालतं. डिफ्यूझर (फ्लॅशचा प्रकाश पसरवणारा पडदा) मोठा आणि माशीच्या शक्य तितका जवळ हवा, नाहीतर काळ्या चकचकीत डोळ्यात पांढरा डाग उमटतो. ट्रेसिंग पेपरचे दोन थर पुरतात.

पुण्यात डिसेंबर-जानेवारीत उन्हं अंगावर येण्याआधी जा, गारठ्याने ती सुस्त असते. पोळ्याजवळ मात्र तिच्यावर श्वास सोडू नका. तिने पंख उभारून तुमच्याकडे तोंड केलं की लगेच, पण हळूच, मागे सरा.