इटलीतून १९४५ साली आलेले सांत्वनपत्र : त्यातला मजकूर कितपत खरा मानावा?

प्रश्न (माणदेशी)

माझ्या आजीचे थोरले बंधू मराठा पलटणीत होते आणि एप्रिल १९४५ मध्ये इटलीत सेनिओ नदीवरील लढाईत पडले. आजीच्या ट्रंकेत त्यांच्या एका सोबत्याने त्यांच्या आईला लिहिलेले बालबोध लिपीतले पत्र सापडले. ‘तीर्थस्वरूप मातोश्रींस साष्टांग नमस्कार’ अशी सुरुवात करून तो लिहितो, की शेवटी त्यांनी पाणी मागितले ते मी पाजले, त्यांना फार त्रास झाला नाही, आपल्या रीतीप्रमाणे अग्नी दिला, आणि त्यांनी माझ्याकडून घेतलेल्या पैशांची चिंता आपण करू नये. परक्या मुलखात, ऐन लढाईत हे सारे खरोखर घडू शकले असेल का, की आईचे मन राखण्यासाठी लिहिले असेल?

उत्तर (इतिहासवाचक)

अग्नी दिल्याचे विधान सहज खरे असू शकते. इटलीत पडलेल्या अनेक हिंदू व शीख सैनिकांवर दहनसंस्कारच झाले. फोर्ली आणि सांग्रो नदी येथील युद्धस्मशानभूमींत त्यांच्यासाठी स्वतंत्र स्मारके आहेत आणि एकट्या सांग्रोच्या स्मारकावर पाचशेहून अधिक नावे आहेत. सेनिओवर आठव्या भारतीय डिव्हिजनचा हल्ला ९ एप्रिलला सुरू झाला. त्याच लढाईत शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; तेव्हा गोळीबार चालू असताना जखमी माणसाजवळ कोणी थांबले असेल, यावर अविश्वास ठेवण्याचे कारण मला दिसत नाही. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर नाव व पलटण घालून पाहा. पुष्कळ नोंदींत वडिलांचे नाव आणि गावही दिलेले असते.

उत्तर (निवृत्त सुभेदार)

१९९९ मध्ये कारगिलच्या वेळी माझ्यावरही असे पत्र लिहिण्याची वेळ आली होती, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. कमांडिंग ऑफिसरचे पत्र शौर्याविषयी आणि कर्तव्याविषयी असते, ते तसेच असायला हवे. पण घरच्यांचे प्रश्न निराळे असतात. तो जेवला होता का, जवळ कोण होते, काही बोलला का, एवढेच आईला हवे असते, आणि त्याचे उत्तर शेजारच्या खंदकातला माणूसच देऊ शकतो. कारगिलपासून पार्थिव गावी पोहोचू लागले. त्याआधीच्या युद्धांत अंत्यसंस्कार बहुधा आघाडीजवळच होत आणि घरी फक्त सामान येई, त्यामुळे तुमच्या पत्रासारख्या चार ओळी हेच त्या कुटुंबाचे अंत्यदर्शन असे. मी जखम कशी होती ते लिहिले नाही, परंतु जे घडले नव्हते असे एक वाक्यही घातले नाही. तुमच्या पत्रलेखकानेही तसेच केले असावे, असे मला वाटते.

उत्तर (वाईची लेक)

सुभेदारसाहेबांचा आदर राखून थोडे वेगळे म्हणते. आमच्या आजोबांबद्दल ‘जागीच गेले’ असे पत्र आले होते, पण पुढे सुट्टीवर आलेल्या दुसऱ्या जवानाने वेगळीच हकिगत सांगितली, आणि आपल्यापासून काही लपवले गेले याचे दुःख आजीला शेवटपर्यंत राहिले. ‘त्रास झाला नाही’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक सांत्वनपत्रात येते; ते माया म्हणून स्वीकारावे, पुरावा म्हणून नव्हे. उसन्या पैशांचा उल्लेख मात्र कोणी शिष्टाचार म्हणून करत नाही. स्वतःचे येणे सोडून देणारा माणूस त्यांच्या रोजच्या संगतीतला होता, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते, आणि म्हणून पाण्याची गोष्टही मी खरी मानेन.

प्रश्नकर्ता (माणदेशी)

सर्वांचा मनापासून आभारी आहे. फोर्लीच्या स्मारकाच्या नोंदीत नाव सापडले, वडिलांचे नाव व गावही जुळते. पत्राखाली लेखकाचे नाव आणि त्याच्या गावाचा तालुका आहे, परंतु त्या घरी कोणी उत्तर पाठवले होते की नाही, हे सांगणारे आता आमच्याकडे कोणी उरलेले नाही. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री केंद्राला पत्र लिहून त्यांच्या वारसांचा पत्ता मिळतो का ते पाहणार आहे, आणि मिळाला तर मूळ पत्राची प्रत घेऊन स्वतः जाणार आहे.