मदत हवी आहे: दाट दाढी, रोजचा मास्क आणि गळ्यावरचे फोड

सर्वांना नमस्कार.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो आणि शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, फेटलिंगच्या कामावर आहे. दाढीसाठी कोणता रेझर आणि कोणते क्रीम घ्यावे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. परंतु माझ्या बाबतीत तो थेट फुप्फुसांशी जोडलेला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया वेळ काढून उत्तर द्यावे.

ज्यांना आमचे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. साच्यातून निघालेल्या कास्टिंगला वाळू चिकटलेली असते आणि कडेने जादा धातू आलेला असतो; तो ग्राइंडरने घासून काढायचा, हे फेटलिंग. त्या वाळूत सिलिका असते आणि तिची सर्वांत घातक धूळ डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. वर्षानुवर्षे ती छातीत गेली की सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो आणि तो बरा होत नाही. आमच्या विभागातून निवृत्त झालेले दोन जण आज जिना चढताना मध्येच थांबतात, हे मी रोज पाहतो. त्यामुळे कंपनीने कापडी मास्क बंद करून दोन फिल्टरचे रबरी हाफ मास्क दिले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

अडचण अशी की हा मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तरच उपयोगाचा असतो. दाढीचा केस साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीचा आणि सिलिकेचे घातक कण त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही बारीक. म्हणजे रबर आणि कातडी यांच्यामध्ये खुंट आले की धुळीला वाट मोकळीच. गेल्या महिन्यात एकदा मी दाढी न करता कामावर गेलो. शिफ्ट सुटल्यावर नळाखाली मास्क उलटा करून पाहिला, तर हनुवटीच्या डाव्या कोपऱ्यापासून ओठाच्या कडेपर्यंत, आतल्या रबरावर, काजळाच्या बोटाने ओढावी तशी एक बारीक काळी रेघ होती. तेव्हापासून एकही दिवस चुकवलेला नाही.

आणि रोज दाढी केल्यामुळेच माझा गळा बिघडला आहे. माझी दाढी अतिशय दाट, राठ आणि किंचित कुरळी आहे. गालांवर केस सरळ खाली वाढतात, पण गळ्यावर डाव्या बाजूला ते आडवे कानाकडे जातात आणि उजव्या बाजूला चक्क खालून वर. जबड्याखाली दोन्हीकडे लाल फोड येतात, त्यांतल्या काहींमध्ये पू होतो, आणि एखादा फोड आपोआप फुटला की आत गोल वळलेला केस दिसतो. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवले. त्यांनी याला स्यूडोफॉलिक्युलायटिस म्हणतात असे सांगितले: कुरळा केस कापला गेला की त्याचे टोक अणकुचीदार होते आणि ते वळून पुन्हा कातडीत शिरते. त्यावर त्यांचा पहिला सल्ला होता की महिनाभर दाढीच करू नका. मास्कची अडचण सांगितल्यावर त्यांनाही विचार पडला.

आजवर काय काय करून पाहिले तेही सांगतो. सुरुवातीला पेठेतल्या सलूनमध्ये जात असे. तिथे अर्धे ब्लेड घालून वस्तरा चालवतात; दाढी सुरेख व्हायची, पण कारागीर दुसऱ्या वेळी वस्तरा नेहमी केसांच्या उलट दिशेने फिरवायचा आणि कातडी ताणून धरायचा, त्यामुळे दुसऱ्या दिवशी गळा पेटलेला असे. शिवाय सातच्या शिफ्टला जाणाऱ्याला सकाळी सलून उघडे कुठले मिळणार? मग पाच पात्यांचे महागडे कार्ट्रिज घेतले. पहिल्या आठवड्यात इतकी गुळगुळीत दाढी आयुष्यात झाली नव्हती. तिसऱ्या आठवड्यात फोड दुप्पट झाले होते. मधल्या काळात एका मेडिकलमधून विचारून एक मलम आणले. ते लावले की दोन दिवसांत लाली जायची, म्हणून मी ते दीड महिना लावत राहिलो. नंतर डॉक्टरांनी त्यात स्टेरॉईड असल्याचे सांगून ते बंद करायला लावले, आणि बंद केल्यावर त्रास पहिल्यापेक्षा वाढला. त्या दीड महिन्याचे मला अजून वाईट वाटते.

ब्लेड लवकर बोथट होते हीही माझी तक्रार आहे. धातूचे काम करणारा माणूस असल्याने मला याचे पूर्वी नवल वाटे, कारण केस हा ब्लेडच्या पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असतो. २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी याचा छडा लावला. धार हळूहळू झिजून गोल होत नाही. केस वाकून धारेवर विशिष्ट कोनात आला आणि त्या जागी पोलादाची रचना एकसारखी नसली, तर धारेचे सूक्ष्म टवके उडतात. हे वाचल्यावर वाटले की केस पूर्ण भिजून मऊ झाले तर माझ्यासाठीही बरे आणि पात्यासाठीही. पण तिथेही गाडी अडते, कारण माझ्या क्रीमला फेसच नीट धरत नाही. ट्यूबमधले साधे क्रीम आहे, ब्रशने करतो, पण दोन मिनिटांत फेस बसून गालावर पांढरट पातळ थर उरतो. डब्यातला तयार फोमही वापरून पाहिला. तो दिसायला भरपूर, पण हाताला कोरडाच लागतो.

तर माझे विचारणे असे आहे. मास्क हवाबंद बसेल इतकी दाढी रोज व्हावी आणि तरीही गळा शाबूत राहावा, यासाठी एका पात्याचा जुन्या पद्धतीचा सेफ्टी रेझर घेणे योग्य ठरेल का? घेतल्यास कशा प्रकारचा घ्यावा? दाट आणि राठ केसांना कोणते क्रीम मानवते, आणि फेस न धरण्यामागे माझी पद्धत चुकते की आणखी काही? दाढी रात्री करून ठेवली तर चालेल का? आणि एक मनातले: मला मिशी ठेवायची आहे. वडिलांची होती, आजोबांची होती. ती काढावी लागणार असेल तर काढीन, पण आधी विचारून घेतो.

प्रतिसाद

दादा, आमचे तीन पिढ्यांचे सलून आहे, त्यामुळे अधिकाराने नाही तरी अनुभवाने लिहितो.

प्रथम फेसाचे. तुम्ही दाढीला बोअरचे पाणी वापरता का, हे आधी पाहा. जड पाण्यातले कॅल्शियम साबणाशी संयोग पावते आणि फेसाऐवजी तो पांढरट साका तयार होतो. दाढीचे क्रीमही मुळात स्टिअरिक आम्लासारख्या मेदाम्लांचा साबणच असते. आमच्याकडे उन्हाळ्यात बोअरवर वेळ आली की ब्रश तोच, क्रीम तेच, आणि फेस मात्र निम्मा. दाढीपुरते तांब्याभर नळाचे पाणी बाजूला काढून ठेवा आणि फरक बघा.

क्रीम कोणते, यापेक्षा ते किती वेळ चेहऱ्यावर राहते याला मी जास्त महत्त्व देतो. अंघोळ झाल्याबरोबर, चेहरा ओला असतानाच सुरुवात करावी. हरभऱ्याच्या दाण्याहून थोडे अधिक क्रीम घेऊन ब्रशने गोल फिरवत राहावे आणि थेंब थेंब पाणी वाढवावे. फेस घट्ट दह्यासारखा आणि चकाकणारा झाला की तो बरोबर झाला, त्यात मोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झाले. तो दोन-तीन मिनिटे तसाच राहू द्यावा. पाणी प्यालेला केस कितीतरी कमी जोरात कापला जातो, राठ दाढीचे निम्मे काम तिथेच होते. पामोलिव्ह, गोदरेज, ओल्ड स्पाइस, व्ही-जॉन यांतले कोणतेही साधे क्रीम चालेल. फक्त कातडी दुखरी आहे तोवर मेंथॉलचा थंडावा देणारे आणि उग्र वासाचे टाळा.

रेझरबद्दल माझे मत स्पष्ट आहे, एक पाते घ्या. अनेक पात्यांच्या कार्ट्रिजमध्ये पुढचे पाते केसाला ओढते आणि मागचे कापते, त्यामुळे कापलेला केस कातडीच्या पातळीखाली जातो. सरळ केसाच्या माणसाला त्याचा लाभ होतो, कुरळ्या केसाच्या माणसाला आत वाढणारा केस मिळतो. सेफ्टी रेझर घेताना बंद दांड्याचा, म्हणजे पात्याखाली सरळ पट्टी असलेला घ्यावा. दातेरी पट्टीचा आणि पाते फार बाहेर डोकावणारा सध्या नको. ब्लेडच्या बाबतीत सेव्हन ओ'क्लॉक, विल्किन्सन स्वोर्ड, टोपाझ, सुपर-मॅक्स यांची एकेक पाकिटे आणून स्वतःच ठरवा, कारण एकाला मानवलेले ब्लेड दुसऱ्याला मानवतेच असे नाही. ब्लेड स्वस्त असते, तेव्हा तुमच्या दाढीला चौथ्या-पाचव्या वेळेनंतर ते ओढून वापरू नका.

हात हलका ठेवा. कातडीशी सुमारे ३० अंशांचा कोन, रेझरच्या वजनाइतकाच भार, आणि प्रत्येक फटक्यानंतर पाते धुणे. केस जिकडे वाढतो तिकडेच पाते न्यायचे. तुमच्या गळ्यावर डावीकडे आडवे कानाच्या दिशेने आणि उजवीकडे खालून वर. आरशात दिसत नसेल तर कोरड्या बोटाने चाचपा, ज्या दिशेला बोट अडत नाही ती केसाची दिशा. कातडी ताणू नका. आमच्या कारागिरांना गुळगुळीत हात दाखवायची हौस असते, त्यांना गिऱ्हाइकाने आधीच सांगितलेले बरे. शेवटी थंड पाणी, ओली तुरटी एकदा हलकेच फिरवून धुऊन टाकणे, बस्स. स्पिरिटवाले आफ्टरशेव्ह फोडांवर लावू नका आणि आत अडकलेला केस सुईने उकरू नका.

प्रतिसाद

नमस्कार. मी कारखान्यांतल्या सुरक्षा विभागात काम केले आहे, म्हणून फक्त मास्कपुरते लिहितो.

आपण संपूर्ण चेहरा आणि संपूर्ण गळा एकाच मापाने मोजत आहात, तिथे आपली सुटका दडलेली आहे. हाफ मास्कचे रबर नाकाच्या दांड्यावरून, गालांवरून आणि हनुवटीच्या खालून जाते. उद्या शिफ्ट सुटल्यावर मास्क काढताच आरशात पाहा. चेहऱ्यावर रबराचा लाल वळ उमटलेला असतो. त्या वळावर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागेत दाढी स्वच्छ हवी. त्याखालच्या गळ्याला मास्क शिवतच नाही. तिथे रेझर लावण्याचे कारणच नाही. ट्रिमरने मिलिमीटरभर खुंट ठेवा. आपल्या डॉक्टरांनी दाढी बंद करायला सांगितले ते याच जागेसाठी, आणि त्या जागेपुरते आपण ते पाळू शकता.

रात्रीची दाढी मात्र नको. केस दिवसाला साधारण ०.३ ते ०.५ मिलिमीटर वाढतो. ब्रिटनमधल्या एचएसई या कामाच्या ठिकाणची सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या मार्गदर्शनानुसार शिफ्टच्या आधीच्या ८ तासांत दाढी केलेली असावी. सकाळी दहा मिनिटे लवकर उठणे हाच उपाय.

मिशी अवश्य ठेवा. तिची टोके वळाच्या आत राहिली आणि श्वास सोडण्याच्या झडपेत केस अडकला नाही की पुरे. मास्क घातल्यावर दोन्ही फिल्टर तळहातांनी झाकून हळू श्वास आत ओढा. मास्क चेहऱ्याकडे खेचला जाऊन तसाच राहिला तर तो नीट बसला, कुठून गार वारा लागला तर तिथे फट आहे. हे रोज करा, दाढी कितीही चांगली झाली असली तरी.

धागाकर्त्याची नोंद, तीन आठवड्यांनंतर

दोघांचेही मनापासून आभार. वळाची गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. त्याच दिवशी कारखान्यातल्या आरशात पाहिले, तर माझे सगळे फोड वळाच्या दोन बोटे खाली होते. म्हणजे ज्या जागेसाठी मी इतका हाल सोसत होतो तिथे मास्क कधी टेकलाच नव्हता.

पाणी बोअरचेच होते. आमच्या न्हाणीघरात तोच नळ आहे. आता स्वयंपाकघरातल्या पिण्याच्या नळाचे तांब्याभर पाणी गरम करून घेतो आणि त्याच ट्यूबचा फेस शेवटच्या फटक्यापर्यंत टिकतो. नवीन क्रीम घ्यावेच लागले नाही. लक्ष्मीपुरीतून बंद दांड्याचा सेफ्टी रेझर आणला. पहिल्या दोन दिवशी हनुवटीवर कापले, कारण कार्ट्रिजची सवय असल्याने हात दाबला जात होता. तिसऱ्या दिवसापासून रेझर मुठीत न धरता दांड्याच्या टोकाशी दोन बोटांत धरू लागलो, तेव्हा जमले. गळ्यावर ट्रिमर फिरवतो. खुंट दिसतात, घरच्यांनी दोनदा विचारलेही, पण गळ्याला हात लावला तर आता दुखत नाही.

डाव्या बाजूचे फोड बसले आहेत. उजवीकडे, जिथे केस खालून वर जातात, तिथे अजून दोन जुने फोड आहेत आणि त्यांच्या जागी काळे डाग राहतील असे दिसते. डॉक्टरांनी आणखी महिनाभर वाट पाहायला सांगितले आहे. अशा डागांवर कुणी डॉक्टरांच्या सल्ल्याने काही उपचार घेतले असतील, तर किती दिवसांत फरक पडला ते कृपया इथे लिहावे. मिशी ठेवली आहे.