निकालाच्या कागदावरची तारीख : घटस्फोट, दुसरं लग्न आणि अमेरिकेतलं स्टेटस (अनुभव धागा)

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीचा रात्री अकराला फोन आला. नवरा एच-१बीवर (नोकरीचा व्हिसा), ती एच-४वर (त्याच्या जोडीदाराचा व्हिसा), इथे अमेरिकेत आठ वर्षं. संमतीने वेगळं व्हायचं ठरलं होतं आणि दुसऱ्या दिवशी ती कागदांवर सही करणार होती. मी विचारलं, "निकाल लागल्यावर तू इथे कुठल्या स्टेटसवर राहणार?" ती गप्पच झाली. आय-९४ वर (इथे कधीपर्यंत राहता येईल ते सांगणारा कागद) अजून दीड वर्षाची मुदत होती, तोवर काळजी नाही असंच ती धरून चालली होती. तसं नसतं. एच-४ लग्नावर उभं असतं. निकाल ज्या दिवशी अंतिम होतो, त्या दिवशी ते संपतं. एच-१बीवाल्याची नोकरी गेली तर पुढची सोय करायला मिळतात ते साठ दिवस इथे मिळत नाहीत.

म्हणून हा धागा काढतेय. घटस्फोट, मग अमेरिकन नागरिकाशी लग्न आणि त्यातून ग्रीन कार्ड, या वाटेने जे गेले त्यांनी लिहा. नावगाव लपवा, पण तारखांचा क्रम लपवू नका. वकील मात्र ज्याने त्याने आपापला गाठा.

सुरुवात माझ्यापासून.

न्यू जर्सी

माझ्याकडे एच-४ चं वर्क परमिट होतं, नोकरी होती. तरी वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, की कार्डावर तारीख काहीही असो, निकालानंतर एक दिवसही काम करायचं नाही. त्यांच्या सांगण्यावरून निकालाच्या दोन महिने आधी मी कॉलेजात प्रवेश घेतला आणि आय-५३९ (स्टेटस बदलायचा अर्ज) भरून एफ-१ (विद्यार्थ्याचं स्टेटस) मागितलं. पगार थांबला. फी बाबांनी गावाकडचा प्लॉट विकून भरली, ते ओझं अजून मनावर आहे.

सव्वा वर्षाने माझं दुसरं लग्न झालं. नवरा इथला नागरिक, आईवडील नागपूरचे. नागरिकाच्या जोडीदाराला ग्रीन कार्डसाठी भारतीयांची ती लांबच लांब रांग लागत नाही, त्यामुळे आय-१३० (नात्याच्या आधारे नागरिकाने करायचा अर्ज) आणि आय-४८५ (ग्रीन कार्डचा अर्ज) एकदमच भरता आले. सोबत दोघांच्याही आधीच्या लग्नांचे कागद लागतात. त्याचाही घटस्फोट झालेला, त्याची प्रत दुसऱ्या राज्यातल्या कोर्टातून मागवण्यात पाच आठवडे गेले.

मुलाखतीला भाड्याचा करार, बँकेचं खातं, विमा, फोटो, सगळं नेलं होतं. अधिकाऱ्याने विचारलं, "पहिलं लग्न का मोडलं?" नवरा शेजारी बसलेला. मी तोवर कुणालाच ते धड सांगितलं नव्हतं. जसं होतं तसं सांगितलं. आवाज कापत होता, पण उत्तर आणि फॉर्मवरच्या तारखा जुळल्या.

टेक्सास

मी पुरुष आहे, सांगली जिल्ह्यातला. बाविसाव्या वर्षी घरच्यांनी लग्न लावलं, ते वर्षभरही टिकलं नाही. दोन्हीकडची मंडळी बसली, स्टँप पेपरवर सोडचिठ्ठी लिहिली, नोटरीचा शिक्का मारला. आमच्या सगळ्यांच्या दृष्टीने विषय संपला. पुढे एच-१बीवर इथे आलो, नागरिक मुलीशी लग्न केलं, अर्ज भरला. तेव्हा इमिग्रेशन खात्याकडून पत्र आलं : कोर्टाचा हुकूमनामा द्या.

हिंदू विवाह कायद्यात रूढीने झालेल्या घटस्फोटाला जागा आहे, पण ती रूढी आपल्या समाजात आहे हे सिद्ध करावं लागतं. ते आम्हाला जमण्यासारखं नव्हतं. म्हणजे पहिलं लग्न कायद्याने अजून उभंच, आणि दुसरं पोकळ. त्या रात्री बायकोला हे कसं सांगितलं ते माझं मला ठाऊक.

अर्ज मागे घेतला. पहिल्या बायकोला फोन करायची हिंमत नव्हती, तिच्या भावाला केला. ती माउली एका शब्दानं वाकडं बोलली नाही. त्याच कायद्याच्या कलम १३ ब खाली (संमतीने घटस्फोट) दोघांनी अर्ज केला. सहा महिने थांबायची मुदत न्यायाधीश माफ करू शकतात असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलंय, त्याचा आधार वकिलाने घेतला. हुकूमनामा मराठीत, त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घेतलं. मग इथे येऊन त्याच बायकोशी पुन्हा लग्न केलं आणि पुन्हा पहिल्यापासून अर्ज. एच-१बी चालू होतं म्हणून निभावलं.

कॅलिफोर्निया

माझी मुलगी तेव्हा सोळा वर्षांची. घटस्फोटाने माझं एच-४ गेलं, पण तिचं राहिलं, कारण ती तिच्या वडिलांची मुलगी आहेच. हे मला ठाऊक नव्हतं, उगाच तिलाही घाबरवलं. महत्त्वाचं पुढे आहे. सावत्र वडिलांना मुलीसाठी अर्ज करायचा तर तिची अठरा पूर्ण व्हायच्या आत लग्न झालेलं लागतं. आणि माझ्या अर्जात ती आपोआप येत नाही, तिचा आय-१३० वेगळा. आम्ही लग्न दिवाळीनंतर करणार होतो, ते उन्हाळ्यातच उरकलं. मुलगी म्हणाली, "आई, माझ्यासाठी घाई करू नकोस." मी केली, आणि बरं केलं.

इलिनॉय

मला कुणी काही सांगितलं नाही. निकालानंतर आठ महिने मी स्टेटसशिवाय होते. रीतसर व्हिसावर आत आले होते, म्हणून नागरिकाशी लग्न झाल्यावर अर्ज इथूनच भरता आला. पण प्रवासाची परवानगी हातात यायच्या आधी देश सोडला तर अर्ज सोडून दिल्यासारखा धरतात, आणि आय-९४ ची मुदत उलटल्यावर १८० दिवसांपेक्षा जास्त पण वर्षाहून कमी राहून बाहेर गेलं तर तीन वर्षं परत येता येत नाही. त्याच काळात पुण्यात आई गेली. दहाव्याला भावाने फोन समोर धरला होता. कावळा शिवेना तेव्हा भाऊ म्हणाला, "ताई, तू बोल काहीतरी." मी म्हटलं, "आई, मी येईन."

दीड वर्षाने गेले.

न्यू जर्सी (पुन्हा मी)

इलिनॉयच्या ताई, काय बोलू. छळामुळे वेगळं व्हायची वेळ आलेल्यांसाठी इथे एक गोष्ट सांगून ठेवते. नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला जोडीदार छळत असेल तर त्याच्या सहीविना स्वतःचा अर्ज भरता येतो, आणि छळ सोसणाऱ्या एच-४ बायकांना स्वतंत्र वर्क परमिट मागता येतं. न्यू जर्सीत 'मानवी' ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करतेय. बे एरियात 'मैत्री' आहे.

वॉशिंग्टन राज्य

थोडक्यात लिहिते. माझं दुसरं लग्नही टिकलं नाही. ग्रीन कार्ड मिळताना लग्नाला दोन वर्षं झालेली नव्हती, म्हणून कार्ड दोन वर्षांचं सशर्त होतं. त्या अटी काढायचा अर्ज, आय-७५१, दोघांनी मिळून भरायचा असतो, पण घटस्फोट झाला असेल तर एकटीला सूट मागता येते. लग्न खरं होतं हे दाखवावं लागतं. मी जुनी वीजबिलंसुद्धा ठेवली होती, ती कामी आली.

मिशिगन

मीच ती अकरा वाजता फोन करणारी. सही केलेली नाही. आज आय-९४ आणि सगळी मंजुरीपत्रं स्वतःच्या फाइलला लावली, इतकी वर्षं ती त्याच्या कपाटात होती. वकिलांची भेट गुरुवारी आहे. निकालाच्या प्रमाणित प्रती किती घेऊ?

न्यू जर्सी

चार घे. एक आईकडे ठेव.