मऊ गाळाची ताकद जागेवर कशी मोजावी?

प्रश्न (वडोदरा): विश्वामित्रीच्या काठचा गाळ नळीत भरून प्रयोगशाळेत नेईपर्यंत ढवळला जातो आणि त्याची मूळ ताकद हाती लागत नाही. ती जागेवरच कशी मोजावी?

उत्तर १: व्हेन चाचणी करावी. व्यासाच्या दुप्पट उंचीची चार उभी पाती असलेले साधन गाळात हलकेच दाबून सेकंदाला सुमारे ०.१ अंश इतक्या संथपणे फिरवावे आणि गाळ कापला जाताना नोंदलेल्या सर्वाधिक पिळावरून (फिरवायला लागलेल्या जोरावरून) कर्तनबल, म्हणजे कापले जाण्याला विरोध करणारी गाळाची ताकद, काढावे. कृपया घाई करू नका. वेग वाढला की आकडा फुगतो.

उत्तर २: नंतर पाती भराभर फिरवून पुन्हा मोजावे, मूळ आणि ढवळलेल्या ताकदीचे गुणोत्तर म्हणजे संवेदनशीलता. वाळूचा थर लागल्यास तो आकडा ग्राह्य धरू नये.

प्रश्नकर्ता: ज्या दांड्यावर पाती बसवलेली असतात, त्याच्या घर्षणाचे काय?

उत्तर १: पात्यांविना दांडा फिरवून ते मोजावे आणि वजा करावे.